पेरते व्हा!

कऱ्हा नदीच्या काठी वसलेले मोरगाव अष्टविनायकांतील पहिल्या गणपतीचे गाव म्हणून सर्वांना ठाऊक आहे. मयूरेश्वराच्या देवळाभोवती उंच तट आहे आणि त्याच्या चारही कोपऱ्यांवर मिनार आहेत. समोर भला मोठा नंदी बसलेला आहे. गणपतीच्या देवळापुढे नंदी पाहून नवख्या यात्रेकरूला नवल वाटते. या भागात एके काळी मोरांची वस्ती फार होती, त्यावरून गावाला हे नाव पडले असे सांगतात. असे हे पक्ष्याचे नाव धारण करणारे गाव. पण ज्येष्ठ महिना जवळ आला, की येथील शेतकऱ्याचे कान दुसऱ्याच एका पक्ष्याकडे लागतात.

बारामती तालुक्यातील हा भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. महाबळेश्वरसारख्या ठिकाणी वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस ओतणारे ढग येथे येईतो हलके होतात. येथे वर्षाकाठी पडणारा पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. उन्हाळ्याच्या अखेरीस कऱ्हेचे पात्र कोरडे पडते, बांधावरचे गवत वाळून पिवळे होते, आणि नांगरून ठेवलेली शेते आभाळाकडे डोळे लावून असतात.

अशा वेळी एखाद्या पहाटे लिंबाच्या झाडावरून तो आवाज येतो. तीन सुरांचा एक लहानसा फेर असतो. तो पुरा होतो न होतो तोच दुसरा फेर सुरू होतो, पहिल्याहून एक पायरी वरचा; मग तिसरा, त्याहूनही वरचा. आवाज असा चढत जातो, की आता या पक्ष्याचा गळा फुटतो की काय असे वाटावे. आणि टिपेला पोहोचताच तो एकाएकी तुटतो. क्षणभर शांतता पसरते. मग पुन्हा पहिल्या पायरीपासून चढण सुरू होते. ढगाळ दिवशी त्याला खंड नसतो. चांदण्या रात्रीही तो ऐकू येतो. मराठी मुलखातील शेतकऱ्याला त्या सुरांत स्पष्ट शब्द ऐकू येतात : ‘पेरते व्हा! पेरते व्हा!’ पावसाची वर्दी देणारा म्हणून या पक्ष्याला त्याने नाव दिले पावशा.

पावशाचा आवाज ओळखत नाही असा माणूस गावात सापडणार नाही. पावशाला डोळ्यांनी पाहिलेला माणूस मात्र विरळा. दाट पालवीत बसून तो ओरडतो, आणि आवाजाच्या रोखाने जावे तर दुसऱ्याच झाडावर निघून जातो. हिवाळ्यात तो मुका होतो. मग तो शिवारात आहे याची कुणाला जाणीवही नसते.

सुप्याच्या वाटेवरील मळ्यात राहणाऱ्या एका मुलाची हीच स्थिती होती. तो नुकताच पाचवी उत्तीर्ण झाला होता. पावशाची नक्कल तो हुबेहूब करी. पण हा पक्षी कसा दिसतो असे कुणी विचारले असते, तर त्याला उत्तर देता आले नसते.

त्या वर्षी मे महिन्यात त्याच्या आईने एक गावठी कोंबडी अंड्यांवर बसवली होती. अकरा पिल्ले निघाली. ती मोठी झाली म्हणजे विकून मुलाच्या वह्या-पुस्तकांची सोय करायची, असे घरात ठरले होते. परंतु आठ दिवसांत तीन पिल्ले नाहीशी झाली. शिक्रा येतो, झडप घालतो आणि पिल्लू उचलून नेतो, हे मुलाने स्वतःच्या डोळ्यांनी एकदा पाहिले. त्या दिवसापासून त्याच्या खिशात गलोल असे.

एके दिवशी सकाळी तो विहिरीजवळ उभा होता. इतक्यात राखी रंगाचा एक पक्षी बांधावरून आला. चार-पाच वेळा पंख मारायचे आणि मग पंख पसरून तरंगत जायचे, अशी त्याची ती शिक्र्याची चाल. त्याला पाहताच खाली पाचोळा उलथणाऱ्या सातभाईंनी एकच गिल्ला केला आणि ते झुडपात शिरले. पक्षी लिंबाच्या खालच्या फांदीवर उतरला. राखी पाठ, शेपटीवर काळसर पट्टे! मुलाला आणखी खूण नको होती. त्याने गलोलीत खडा घातला आणि रबर कानापर्यंत ताणले.

तेवढ्यात मागून एक खरबरीत हात त्याच्या मनगटावर पडला.

“थांब,” आजोबा हळूच म्हणाले. “कोण हाय ते बघितलंस का?”

“शिक्रा आहे, आबा! आपली पिल्लं यानंच नेली.”

“तू पाठ बघितलीस. तोंड बघितलंस? पाय बघितलंस? खडा एकदा सुटला की माघारी येत न्हाय. आधी नीट बघ.”

मुलाने नाइलाजाने हात खाली घेतला आणि पाहू लागला. पक्षी साधारण कबुतराएवढा होता. त्याची पाठ राखी, छातीवर तांबूस झाक आणि पोटावर तपकिरी आडव्या रेघा. येथपर्यंत सारे शिक्र्यासारखेच होते. परंतु चोच? शिक्र्याची चोच आकड्यासारखी खाली वळलेली आणि मांस फाडण्यासाठी धारदार असते. या पक्ष्याची चोच लहान व टोकाशी जराशी झुकलेली होती. तीत काही फाडण्याचे सामर्थ्य दिसत नव्हते. पाय? शिक्र्याच्या बोटांना भक्ष्य आवळून धरणाऱ्या बाकदार नख्या असतात. याचे पाय आखूड आणि दुबळे होते. डोळ्यांभोवती पिवळे कडे होते. बसल्याबरोबर त्याने शेपटी वर उचलली आणि ती दोन्ही बाजूंना हलवली. शिक्रा कसा ताठ, दबा धरून बसतो! याची बैठक तशी नव्हती.

मुलाच्या मनात शंका उभी राहिली. आणि त्याच क्षणी त्या पक्ष्याने मान उंचावली. त्याचा गळा फुगला, चोच उघडली, आणि अवघ्या दहा हातांवरून ते ओळखीचे सूर आले : ‘पेरते व्हा! पेरते व्हा! पेरते व्हा!’ फेरामागून फेर चढत गेले आणि टिपेला जाऊन तुटले.

मुलाच्या हातातील खडा खाली पडला. ज्याची नक्कल तो नित्य करी, त्यालाच तो मारावयास निघाला होता.

“आबा, हा तर पावशा!”

“व्हय,” आबा म्हणाले. “लहानपणी मीबी असंच फसलो होतो. मला थांबवायला कुणी न्हवतं.” एवढे बोलून ते मोटारीचे बटण दाबायला विहिरीकडे निघून गेले. त्या वेळी काय घडले होते, हे त्यांनी सांगितले नाही. आणि मुलानेही विचारले नाही.

पावशा हा कोकिळाच्या कुळातील पक्षी आहे. त्याला शिक्र्याचे रूप का मिळाले असावे? या कुळातील अनेक पक्षी स्वतः घरटे बांधत नाहीत. दुसऱ्याच्या घरट्यात अंडे घालतात. पावशाची मादी आपले अंडे सातभाईंच्या घरट्यात ठेवते. सातभाईंची अंडी सुरेख निळी असतात, आणि पावशाचे अंडेही तसेच निळे असते. शिक्र्यासारखा दिसणारा पक्षी आला, की सातभाई घाबरून दूर होतात. अशा वेळी घरट्याकडे जाण्यास मादीला संधी मिळत असावी, असे अभ्यासकांना वाटते. विहिरीजवळ उडालेला सातभाईंचा गोंधळ मुलाने पाहिला होता. त्याचे मर्म हे असे होते. शिक्रा आणि पावशा यांत एका माणसाच्या पोराची गफलत झाली, तर त्यात नवल नाही. सातभाईंचीही होते.

ही गफलत फार जुनी आहे. सुमारे २,३०० वर्षांपूर्वी ग्रीस देशात ॲरिस्टॉटल नावाचा थोर विद्वान होऊन गेला. तिकडील लोक समजत, की ठरावीक ऋतूत ससाणाच कोकिळाचे रूप घेतो. कारण एक दिसू लागला की दुसरा दिसेनासा होई. ॲरिस्टॉटलने ही समजूत खोडून काढली. रंग ससाण्यासारखा असला तरी या पक्ष्याच्या नख्या बाकदार नाहीत आणि डोकेही ससाण्याचे नाही, असे त्याने नमूद केले. विहिरीवर आबांनी मुलाला तोंड आणि पायच पाहावयास सांगितले होते. ॲरिस्टॉटलचे नाव त्यांनी उभ्या आयुष्यात ऐकले नव्हते.

शाळा सुरू झाली तेव्हा मुलाने ही हकिकत गुरुजींना सांगितली. गुरुजींनी त्याला दुसऱ्या एका मुलाची गोष्ट सांगितली. मुंबईत राहणाऱ्या त्या मुलाने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हे घरी कुणाला सांगता येईना. तेव्हा तो ती घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कचेरीत गेला. तेथील सचिव मिलार्ड यांनी ती ओळखलीच, शिवाय कपाटे उघडून नाना पक्ष्यांचे जतन केलेले नमुने त्या मुलाला दाखवले. तो मुलगा म्हणजे सालिम अली. पुढे १९४१ साली त्यांनी भारतीय पक्ष्यांवर लिहिलेल्या पुस्तकाने असंख्य लोकांना पक्षी ओळखावयास शिकवले.

“त्यांच्या हातून चिमणी पडली तेव्हा त्यांना प्रश्न पडला,” गुरुजी म्हणाले. “तुला खडा सुटण्यापूर्वी पडला. आता वही कर, आणि जे दिसेल ते लिहून ठेव.”

मुलाने वही केली. तिच्या पहिल्या पानावर पावशा आला. दुसऱ्या पानावर कोकीळ. आंबराईतून ‘कुहू कुहू’ ऐकू आले, की लोक ‘कोकिळा गाते आहे’ असे म्हणतात. गाणारा मात्र नर असतो. तो काळा कुळकुळीत, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी असून तिच्या अंगावर पांढरे ठिपके असतात, आणि ती अंडे घालते कावळ्याच्या घरट्यात. तिसऱ्या पानावर भारद्वाज आला. काळे अंग, विटकरी पंख, आणि झुडपातून येणारा घुमणारा, खोल आवाज. हाही याच कुळातला. परंतु तो आपले घरटे आपणच बांधतो.

चौथ्या पानाने मात्र वाद उभा केला. गावात अनेक जण पावशालाच चातक म्हणत. जूनच्या अखेरीस एका रविवारी मुलगा वडिलांबरोबर सुप्याकडे गेला होता. तेथे १९९७ साली मयूरेश्वर अभयारण्य स्थापन झाले. हे माळरान चिंकारा हरणांसाठी प्रसिद्ध आहे. वाटेत एका बाभळीच्या शेंड्यावर त्याला एक डौलदार पक्षी दिसला. वरून काळा, खालून पांढरा, पंखावर पांढरा ठिपका, लांब शेपटी, आणि डोक्यावर ऐटदार शेंडी. त्याचा आवाज ‘पिऊ, पिऊ, पिऊ’ असा टणत्कारासारखा येत होता. पावशाच्या आवाजातील ती चढण त्यात नव्हती. हा खरा चातक होता.

चातक केवळ पावसाचा थेंब झेलूनच तहान भागवतो, अशी कल्पना आपल्या कवींनी शतकानुशतके जपली आहे. ती काव्यात शोभते. प्रत्यक्षात चातक कीटक खातो. पाऊस पडला की उपजणाऱ्या केसाळ सुरवंटांवर त्याचा विशेष डोळा असतो. उत्तर आणि मध्य भारतात येणारे चातक आफ्रिकेतून अरबी समुद्र ओलांडून मोसमी वाऱ्याबरोबर येतात. त्यांच्या प्रवासाचा माग काढण्यासाठी देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने २०२० साली दोन चातकांवर उपग्रहाला खूण पाठवणारी चिमुकली यंत्रे बसवली होती. त्या पक्ष्यांची नावे ‘मेघ’ आणि ‘चातक’ अशी ठेवली होती.

पावशा आणि चातक हे वेगळे पक्षी आहेत, हे मुलाने घरी ठासून सांगितले. आबांनी ते ऐकून घेतले आणि पागोटे काढून हसत म्हणाले, “मग सत्तर वर्षं मी दोघांना एकच म्हणत आलो. बरं झालं सांगितलंस.”

परंतु त्या आधीच, मृगाच्या दिवसांत, मळ्यात एक कठीण प्रसंग येऊन गेला होता. मृग नक्षत्र लागले आणि दोन दिवसांनी संध्याकाळी एक जोराची सर आली. मातीचा वास सुटला. दुसऱ्या दिवशी सकाळपासून पावशाने शिवार दणाणून सोडले. शेजारच्या दोन मळ्यांत बाजरीची पेरणी सुरू झाली. मुलाचे वडील बी काढून बसले होते. मुलगा तर अधीरच झाला.

“आबा, पावशा सांगतोय ना पेरा म्हणून! मग आपण का थांबायचं?”

आबा काही बोलले नाहीत. त्यांनी मुलाला शेतात नेले आणि हाताने माती उकरावयास लावली. चार बोटांपर्यंत माती ओली लागली. त्याखाली ती कोरडी आणि गरम होती.

“पाऊस पडायच्या आधीबी तो असाच ओरडत होता,” आबा म्हणाले. “१९७२ च्या दुष्काळात बी तो ओरडला. मी पोरगा होतो. घरच्यांनी त्येचं ऐकून होतं नव्हतं ते बी मातीत टाकलं. कोंब वर आलं आणि उन्हानं करपून गेलं. पुन्हा पेरायला घरात बी न्हवतं. त्येची चूक न्हाय बाळा. तो त्याच्या जोडीदारणीला हाक मारतो. पेरा म्हणतो असं आपण ऐकतो, कारण आपल्याला पेरायचं असतं.”

आबांचे म्हणणे खरे होते. हाच पक्षी बंगालमध्ये ओरडतो, तेव्हा तेथील लोकांना ‘चोख गेलो’, म्हणजे ‘डोळे गेले’, असे शब्द ऐकू येतात. हिंदी भाषकांना त्यात ‘पी कहाँ’, म्हणजे ‘माझा प्रियकर कुठे आहे’, असा विरही प्रश्न ऐकू येतो. उन्हाळ्याने हैराण झालेल्या इंग्रजांना त्यात ‘ब्रेन फीव्हर’, म्हणजे मेंदूचा ताप, ऐकू आला. सूर तेच, ज्याच्या मनात जे होते ते त्याने ऐकले. याच कऱ्हेच्या काठी बारामतीत अठराव्या शतकात राहिलेल्या मोरोपंतांनी देवाला केलेल्या आपल्या आर्जवांना ‘केकावली’ हे नाव दिले. केका म्हणजे मोराची हाक. मोर मोराप्रमाणे ओरडतो. त्या हाकेत देवाचा धावा ऐकला तो कवीने. असे ऐकण्यात काही वावगे नाही. त्यामुळेच भाषेला गोडी येते. मात्र पेरणी करताना पक्ष्याच्या शब्दाबरोबर मातीचीही साक्ष काढावी लागते.

मृग कोरडा गेला. शेजारच्या मळ्यांतील बाजरी उगवली आणि पंधरा दिवसांत माना टाकू लागली. आर्द्रा नक्षत्रात मात्र दोन रात्री संथ, भिजपाऊस झाला. आबांनी मुलाला पुन्हा शेतात नेले. आता वीतभर उकरले तरी माती ओली होती. आणखी दोन दिवस थांबून, शेताला वाफसा आल्यावर, त्यांनी पाभर जुंपली. आईने चाड्यावर बी सोडले. मुलगा बांधावर उभा राहून पाहत होता, आणि लिंबावर पावशा ओरडत होता. त्याचे सूर पूर्वीसारखेच होते. आपली पेरणी आटोपताच आबांनी राहिलेले बी आणि पाभर शेजाऱ्यांकडे पाठवून दिली. तेथे दुबार पेरणी करावी लागणार होती.

श्रावणात बाजरी गुडघ्यापर्यंत आली. कोंबडीची उरलेली आठ पिल्लेही आता मोठी झाली होती. मुलाने पुन्हा गलोल ताणली नाही. शिक्रा दिसला की तो पिल्लांवर डालगे झाकी. एके दिवशी दुपारी त्याने बांधावर एक विलक्षण दृश्य पाहिले. एक सातभाई चोचीत अळी घेऊन फांदीवर आला होता. समोर त्याच्याहून थोराड पिल्लू चोच वासून बसले होते. पिल्लू तपकिरी होते, त्याच्या छातीवर गडद रेघा होत्या आणि शेपटीवर पट्टे. दुरून पाहणाऱ्याला ते शिक्र्याचे पिल्लूच वाटले असते.

“आबा, इकडे या!” मुलाने हाक मारली.

आबा काठी टेकत आले. त्यांनी कपाळावर आडवा हात धरून फांदीकडे पाहिले आणि विचारले, “बोल, कोण हाय?”

मुलाने लगेच उत्तर दिले नाही. त्याने आधी चोच पाहिली, मग पाय पाहिले. अळी खाऊन पिल्लू दुसऱ्या फांदीवर उडून बसले, तेव्हा त्याने शेपटीची हालचालही पाहून घेतली. मग तो हलक्या आवाजात म्हणाला, “पावशाचं पिल्लू आहे, आबा.”

आबांनी मान डोलावली. पिल्लाने अजून तोंडातून तो सूर काढला नव्हता. आवाज न ऐकता पावशा ओळखण्याची मुलाची ती पहिलीच वेळ होती.